रॉड्रिग्सचं एकुलतं झाड

मॉरिशसच्या रॉड्रिग्स बेटावर १९८० साली एका शिक्षकांनी मुलांना आसपासच्या वनस्पती गोळा करून आणायला सांगितलं. एका मुलानं आणलेली फांदी निघाली कॅफे मारोंची, म्हणजे तिथल्या रानकॉफीची. हे झाड केव्हाच नामशेष झालं, असं सगळे धरून चालले होते. उरलं होतं ते एकच, तेही रस्त्याच्या कडेला! बातमी पसरताच लोक औषधासाठी फांद्या तोडू लागले. कुंपण घालावं लागलं. १९८६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या छाटांपैकी एक जगली. फुलं यायची, बी मात्र धरेना. कार्लोस मॅग्डालेना या उद्यानतज्ज्ञानं फुलाच्या कुक्षीचा शेंडा कापून तिथं पराग लावले, पुन्हापुन्हा. इतक्या चिवटपणाचा पगार कुणी देत नसतो. २००३ मध्ये बी धरलं. पुढे रोपं रॉड्रिग्सला परत गेली.