फांदी, चंद्र आणि एनजीसी 613

20 सप्टेंबर 2016. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात व्हिक्टर बूसो नवा कॅमेरा तपासून पाहत होते. धंदा कुलपं-किल्ल्यांचा, वेड आकाशाचं, गच्चीवर 40 सेंटिमीटरची दुर्बीण. शहराच्या दिव्यांनी आकाश उजळलेलं, म्हणून एक्स्पोजर 20-20 सेकंदांचीच. समोर एनजीसी 613 ही सर्पिल दीर्घिका, सुमारे 8 कोटी प्रकाशवर्षं दूर. पहिल्या फोटोंत विशेष काही नव्हतं. पाऊण तासानं पुन्हा फोटो घेतले, तर दीर्घिकेत एक नवा ठिपका, आणि तोही चढत्या तेजाचा! तारा फुटतानाची अगदी पहिली धग सापडली होती. 2018 मध्ये ‘नेचर’मधल्या शोधनिबंधाच्या लेखकांत बूसोंचंही नाव आलं.

पण त्यांनी पाहिलं ते नेमकं काय?

पाहणं म्हणजे काय, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. डोळ्यांतून तेजाचा किरण निघून वस्तूला भिडतो तेव्हा ती दिसते, असं न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, मानत. त्यावर जुनी हरकत आहे: मग झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र एकदम कसे दिसतात? उत्तर चलाख होतं. एकदम दिसतच नाहीत. कमळाच्या शंभर पाकळ्यांची चवड सुईनं टोचली तरी सुई एकेका पाकळीतूनच जाते. क्रम आपल्या ध्यानात येत नाही, इतकंच.

किरणाची दिशा त्यांनी उलटी धरली, क्रमाचं मात्र बरोबर निघालं. अशा दूरच्या दीर्घिकेच्या कुठल्याही फोटोत आपल्याच आकाशगंगेतले तारे फांदीसारखे आडवे येतात. त्यांचा प्रकाश शेकडो-हजारो वर्षांचा, मागचा कोट्यवधी वर्षांचा, आणि चौकट एकच.

सौत्रांतिक बौद्ध आणखी पुढे गेले. वस्तू क्षणिक, ज्ञान होईतो ती गेलेली असते. मनात उरतो तिचा आकार, आणि त्यावरून वस्तूचं अनुमान करायचं. हौशी छायाचित्रकाराला हे पटवावं लागत नाही. एकट्या फोटोत दीर्घिका म्हणजे खरखरीत बुडालेला धुरकट डाग. अनेक फोटो एकावर एक रचले, की सर्पिल भुजा उमटतात. ते चित्र कुठल्याच एका क्षणाचं नसतं.

तरी सौत्रांतिकांनाही अनुमानासाठी बाहेर काहीतरी लागतंच. तो ठिपका कॅमेऱ्याचा दोषही असू शकला असता. पण पुढे लिक आणि केक वेधशाळांच्या दुर्बिणींनाही तो तिथंच दिसला. मग हबल अवकाश दुर्बिणीचे जुने फोटो काढून पाहिले. स्फोटाआधीच्या त्या फोटोंत, त्याच जागी, एक तारा होता.