दहावा माणूस

किप्पूर जवळ आला की आपण सारे हिशेब मांडू लागतो. मिश्नाच्या 'योमा' या प्रकरणात मात्र या हिशेबाला एक अट घातलेली आहे. देवाचा केलेला अपराध त्या दिवसाच्या पश्चात्तापाने धुतला जातो. पण शेजाऱ्याचा केलेला अपराध, त्याच्या दारी जाऊन त्याची समजूत घातल्याखेरीज, कितीही उपास केला तरी धुतला जात नाही.

कोकणातील आपल्या पणज्यांनी मिश्ना वाचलेला नव्हता. तरीही त्यांच्या सणांची मांडणी पाहिली म्हणजे नवल वाटते. किप्पूरला त्या 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी घराचे दार लावून घ्यायचे, कोणाला शिवायचे नाही, कोणाशी व्यवहार ठेवायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'! त्या दिवशी दार उघडायचे, गोरगरिबांना दान करायचे, सोयऱ्याधायऱ्यांच्या घरी जायचे. एक दिवस देवाचा आणि लगेच दुसरा माणसांचा. पहिल्या दिवसाचे आपल्याला फार कौतुक आहे. शिळ्या सणाचे नाव आता किती घरांत निघते?

सिंगापुरात राहणाऱ्या आपल्यापैकी मोजक्या कुटुंबांना हा प्रश्न जरा वेगळ्या रीतीने पडतो. येथे आपले स्वतःचे प्रार्थनामंदिर नाही. वॉटर्लू स्ट्रीटवरील मगेन आबोत १८७८ साली उघडले, आणि ऑक्स्ली राइजवरील हेसेद एल हे सर मानासे मेयर यांनी आपल्या बंगल्याच्या आवारात १९०५ साली बांधले. दोन्ही बगदादी मंडळींनी उभारलेली. चाली त्यांच्या, उच्चार त्यांचे, भिंतीवरील नावे त्यांच्या पूर्वजांची. आपण तेथे बसतो, 'आमेन' म्हणतो, आणि मनात कोठेतरी जुनी यादी चाळत असतो.

ती यादी खोटी नाही. १८३६ साली मुंबईतील काही बगदादी यहुद्यांनी सरकारकडे अर्ज केला होता की सामाईक कबरस्तानात त्यांच्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत असावी. मेलेल्यांमध्येसुद्धा भिंत! पुढे रंगूनच्या सिनेगॉगमध्ये आपल्या लोकांना विश्वस्तांच्या निवडणुकीत हक्क नाकारण्यात आला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले आणि १९३५ साली निकाल आपल्या बाजूने लागला. कोर्टाने सांगावे लागले की हे यहुदीच आहेत. त्यानंतर इस्राएलमध्ये १९६२ साली लग्नापूर्वी आपल्या लोकांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश मुख्य रब्बींच्या कचेरीतून निघाले, आणि १९६४ साली क्नेसेटला ठराव करावा लागला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना त्याविषयी आम्ही काय सांगावे?

आता प्रश्न असा. अशी यादी खिशात ठेवून सेफेर तोरापुढे उभे राहिले तर ती प्रार्थना होते काय?

काही जण म्हणतात, झाले गेले विसरून जावे. आम्हांस हे पटत नाही. जे विसरले ते कशाची क्षमा करणार? शिवाय क्षमा करणारे आपण कोण? ज्यांच्या कबरींपुढे भिंत मागितली गेली ते आता नाहीत, मागणारेही नाहीत. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करणे. तालमूदात यावर एक तोड सांगितली आहे. ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर अपराध करणाऱ्याने दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमक्ष आपला अपराध बोलून दाखवावा. येथेही दहाच माणसे, मिन्यानला लागतात तितकीच. पण दोन्ही बाजूंचे लोक मातीआड गेल्यावर तेथे कोणी जायचे, हे त्यात सांगितलेले नाही.

आणि यादी काढायचीच तर पुरी काढावी. कोकणात आणि मुंबईत 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' असा भेद आपल्याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. रोटीबेटीचा व्यवहार मोकळा नव्हता. कारण काय, तर म्हणे त्यांच्या वंशात बाहेरचे रक्त मिसळले आहे. बगदादी आपल्याविषयी जे म्हणत होते तेच शब्द, तीच शंका! वरच्या पायरीवरून आलेला अपमान आपण खालच्या पायरीवर उतरवून ठेवला. रंगूनच्या निकालाविषयी आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते; काळा इस्राएलांनी मात्र कोणत्या कोर्टात जायचे होते?

याच्या उलट एक उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. त्यांचा हेतू ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा होता आणि तो त्यांनी लपविला नाही. १८३२ साली त्यांनी आपल्या लोकांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत तयार केले. आपल्या पूर्वजांनी ते व्याकरण घेतले, मिशनच्या शाळांत मुले पाठविली, आणि धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला. गुरूचे ऋण मानले, त्याचा हेतू मानला नाही. एवढे तारतम्य जर परधर्मीयाच्या बाबतीत दाखविता आले, तर एकाच तोरापुढे बसणाऱ्यांच्या बाबतीत का दाखविता येऊ नये?

वॉटर्लू स्ट्रीटवर मगेन आबोतपासून काही पावलांवर कृष्णाचे देऊळ आहे आणि त्याच्या शेजारी चिनी लोकांचे क्वान यिम देवीचे. देवीची पूजा करून निघालेले कित्येक चिनी भाविक कृष्णापुढेही उदबत्ती लावून जातात. आपल्याला तसे करता येणार नाही, आपला धर्म त्याची परवानगी देत नाही. परंतु शेजाऱ्याच्या दारावरून जाताना मान लववायला कोणता धर्म आड येतो?

आम्हांस मिन्यानचा नियम याकरिता फार आवडतो. दहा माणसे हवीत, एवढेच शास्त्र सांगते. ती विद्वान असावीत, श्रीमंत असावीत, आपल्या आळीची असावीत, असे सांगत नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी, जेथे वस्तीच लहान, आठवड्याच्या मधल्या दिवशी नऊ माणसे जमून दाराकडे डोळे लावून बसली, तर दहावा कोण येईल हे कोणी निवडीत नाही. कदाचित तोच येतो ज्याच्याशी आपण दोन वर्षे बोललो नाही. तो आल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही. आपल्या बापाच्या नावाचा कद्दीश त्याच्या पावलांवर अवलंबून असतो, आणि त्याच्या बापाचा आपल्या.

मुलांनी त्या भिंतीविषयी विचारले तर खरे ते सांगावे, साल आणि शहर यांसह. त्याच बैठकीत काळा इस्राएलांचीही हकीकत सांगावी. ती राखून ठेवू नये. आणि किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी, रजा मिळत असेल तर, घरी काही गोड करून एखाद्या बगदादी घरी घेऊन जावे. शिळा सण म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसेल. सांगायला निमित्त होईल.