तारीख जुनी, दावा नवा

तुम्ही एक शोध लावलात आणि जगाला सांगितलात. त्यातलं नेमकं किती तुमचं, हे ठरवायला तुम्हाला किती वर्षं मिळावीत?

पुण्यात बसून अमेरिकी पेटंटचे अर्ज लिहिणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न रोज माझ्या टेबलावर असतो. अर्जात आधी शोधाचं वर्णन येतं आणि शेवटी दावे, म्हणजे आपल्या मालकीची हद्द. अमेरिकेत पहिला अर्ज प्रलंबित असेपर्यंत त्याच वर्णनावर दुसरा अर्ज करता येतो. त्याला 'कंटिन्युएशन' म्हणतात. वर्णनात नवं काही घालता येत नाही, पण दावे नव्याने लिहिता येतात आणि तारीख मात्र जुनीच मिळते. मग तिसरा अर्ज, चौथा अर्ज. भारतात ही सोय नाही.

'एक अर्ज जिवंत ठेवा' हा आमच्या धंद्यातला नेहमीचा सल्ला. स्पर्धकाचं उत्पादन बाजारात आलं, की त्याला कवेत घेणारा दावा लिहिता येतो. १९८८ मध्ये किंग्जडाउन खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं, यात गैर काही नाही.

गावाकडे याला लोक बांध कोरणं म्हणतील. पण ते अन्यायाचं होईल. बांध कोरणारा दुसऱ्याची जमीन घेतो. इथे जमीन संशोधकाने आधीच दाखवलेली असते, फक्त कुंपण घातलेलं नसतं. एकट्या माणसाला आपल्या शोधाचं मोल पहिल्या दिवशी कळत नाही. त्याला वेळ हवाच.

मग बिघडतं कुठे? जेरोम लेमेल्सन यांनी १९५४ आणि १९५६ च्या अर्जांची साखळी दशकानुदशकं चालू ठेवली आणि बारकोड स्कॅनरवर हक्क सांगितला. २००४ मध्ये कोर्टाने हा विलंब अवाजवी ठरवला आणि ती पेटंटं निरुपयोगी झाली. त्याआधी, १९९५ मध्येच कायदा बदलला होता: मुदत मंजुरीपासून १७ वर्षांऐवजी पहिल्या अर्जापासून २० वर्षं. पण त्या २० वर्षांत खेळ चालूच राहतो. दोनपेक्षा जास्त कंटिन्युएशनसाठी कारण मागणारा नियम २००७ मध्ये आला. लागू होण्याच्या आदल्या दिवशी कोर्टाने तो रोखला आणि २००९ मध्ये तो मागे घेतला गेला. २०२५ पासून उशिराला दाम आहे: पहिल्या तारखेनंतर ६ वर्षं उलटली तर २,७०० डॉलर, ९ उलटली तर ४,०००. बड्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च. लहान अर्जदाराला सवलत मिळते, तरी ओझं त्यालाच जाणवतं.

मला वाटतं, आपण चुकीची गोष्ट मोजतोय. किती अर्ज केले, किती उशीर झाला, यापेक्षा त्या काळात कोण कशावर विसंबलं, हे पाहायला हवं. तुमचं पेटंट वाचून, हद्द तपासून, तिच्याबाहेर कुणी कारखाना उभारला असेल, तर नंतर आखलेली रेषा त्याच्या भिंतीवरून जाऊ नये.

ही दया त्याच कायद्यात आहे. मंजूर पेटंटमधली चूक सुधारून ते पुन्हा घेतलं, तर मधल्या काळात काम सुरू केलेल्याला संरक्षण मिळतं. चूक सुधारणाऱ्याला ही अट आहे, वाट पाहत बसणाऱ्याला नाही.

पहिलं असण्याचं बक्षीस मिळायलाच हवं. पण ते आपण जे सांगितलं त्याचं असावं, इतरांवर टपून बसल्याचं नव्हे.