सुंदरीचा शोक

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर एका तरुण स्त्रीच्या शोकाचे चित्र आहे. गेली सुमारे दीडशे वर्षे ते ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने ओळखले जाते आणि फर्दापूर फाट्यावरून बसने लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशालाही त्याची ओळख बहुधा ‘डाइंग प्रिन्सेस’ अशीच करून दिली जाते. हे नाव चित्रावर अन्याय करणारे आहे, कारण या स्त्रीला कोणताही आजार झालेला नाही. तिचा नवरा जिवंत असून तिला सोडून गेला आहे आणि तो परत येणार नाही, एवढेच तिला नुकतेच कळले आहे.

वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेणे कोरवून घेतले आणि त्याच्या भिंतीवर बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची कथा रंगवली गेली. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ या काव्यात ती विस्ताराने येते. नंद आणि त्याची पत्नी सुंदरी प्रसाधनात रमलेले असताना बुद्ध भिक्षेसाठी दारात येऊन रिकाम्या हाताने परततो. ते कळल्यावर नंद ओशाळून त्याच्या मागे जायला निघतो, तेव्हा चेहऱ्यावरची ओली चित्ररेखा वाळण्याआधी परत यायचे, या अटीवर सुंदरी त्याला जाऊ देते. वाटेत बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हाती देतो, भिडेपोटी त्याला ते परत करता येत नाही, आणि विहारात पोहोचल्यावर त्याची इच्छा नसतानाही त्याचे मुंडन होते. इकडे वाट पाहणारी सुंदरी आधी संशय घेते की तो दुसऱ्या कोणा स्त्रीकडे गेला असावा, आणि मग एक दासी येऊन तिला खरी हकिगत सांगते. काव्याच्या अठरा सर्गांपैकी पत्नीच्या विलापाला वाहिलेला सर्ग एकच, सहावा. उरलेल्या काव्याचा मोठा भाग नंदाची तळमळ, त्याची स्वर्गयात्रा आणि अखेर त्याला मिळालेली मुक्ती यांनी व्यापला आहे.

चित्रकाराने हे प्रमाण मान्य केले नाही. नंदाचे मुंडन, त्याची विहारातील उदासी, त्याचे स्वर्गगमन हे प्रसंग त्याच भिंतीवर आहेत, पण पाहणाऱ्याची नजर खिळते ती सुंदरीवर. मंचकावर उशीला डावा हात टेकून ती बसली आहे. मान एका बाजूला कलली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, हातापायांतले त्राण गेले आहे. मागून एक दासी तिला सावरते आहे, दुसरीने तिचा हात धरून चेहऱ्याकडे नजर लावली आहे, तिसरी पंख्याने वारा घालते आहे आणि खाली बसलेल्यांपैकी एकीने ओंजळीत तोंड लपवले आहे. दाराशी पांढरी टोपी घातलेला एक वृद्ध आत डोकावतो आहे. या सगळ्याचे कारण एका सेवकाच्या हातात आहे: त्याने नंदाचा मुकुट परत आणला आहे. डोके मुंडवलेल्या माणसाला मुकुटाचा उपयोग उरत नाही, त्यामुळे बातमी शब्दांत सांगण्याची गरजच राहिलेली नाही. शोक एका चेहऱ्यात कोंडून न ठेवता घरातल्या प्रत्येक शरीरावर त्याचा वेगवेगळा परिणाम दाखवणे, ही या चित्रकाराची मानसशास्त्रीय समज आजच्या कोणत्याही गंभीर चित्रपटाच्या तोडीची आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, तेव्हा त्यांना या चित्राने भारावून टाकले होते. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगले केले असते आणि व्हेनिसच्या चित्रकाराने रंग, पण भावाची याहून मोठी अभिव्यक्ती त्यांच्यापैकी कोणालाही साधली नसती, अशा आशयाचा त्यांचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. मात्र त्यांना समोर दिसत होती ती मरणासन्न स्त्री, आणि हात धरणारी दासी त्यांना नाडी पाहणारी वाटली. यात त्यांच्याकडे दोष जात नाही, कारण हरप्रसाद शास्त्री यांनी नेपाळमधील हस्तलिखितांवरून ‘सौंदरनंद’ छापले ते 1910 साली, म्हणजे ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ निघाल्यानंतर तेराचौदा वर्षांनी. त्याच सुमारास लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकारांसह फर्दापूरला मुक्काम ठोकून नव्याने नकला करीत होत्या. पुढे अभ्यासकांनी प्रसंगाची ओळख पटवली, पण तोवर नाव रूढ झाले होते. मुकुटाकडे दुर्लक्ष झाले की शोकाला कारणच उरत नाही, आणि कारण नसलेला शोक आजारासारखा दिसू लागतो. तरुण स्त्रियांच्या दुःखाच्या बाबतीत हे केवळ भिंतीवरच्या चित्रापुरते घडलेले नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात या ठिकाणी उपयोगी पडेल असा एक बारकावा आहे. करुण रस आणि विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार, या दोहोंत अश्रू, ग्लानी, चिंता सारखीच असली तरी करुणात पुनर्भेटीची आशा संपलेली असते, म्हणून तो निरपेक्ष, आणि विप्रलंभात ती शिल्लक असते, म्हणून तो सापेक्ष, असा भेद भरताने केला. सुंदरी या दोन्ही खणांत बसत नाही. नंद जिवंत आहे, हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे आशा पूर्णपणे सोडता येत नाही. आणि तो भिक्षू झाला आहे, त्यामुळे आशा धरताही येत नाही. अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, अशा अनुभवाला ‘संदिग्ध हानी’ म्हणता येईल अशी संज्ञा दिली. तिचे दोन प्रकार त्या मानतात: माणूस देहाने नाही पण मनात हजर आहे, हा पहिला, आणि माणूस देहाने समोर आहे पण मनाने हरवला आहे, हा दुसरा. अशा हानीत शोक पुढे सरकत नाही, कारण काय गमावले हेच निश्चित होत नाही. एरवी मृत्यूनंतर दहावे, तेरावे, वर्षश्राद्ध असतात, लोक भेटायला येतात, रडण्याला मुदत आणि मान्यता मिळते. संदिग्ध हानीला असा एकही विधी नाही.

महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला ना विधवेची सहानुभूती मिळते ना सवाशिणीचा मान, आणि तिच्या रडण्याचे कारण विचारण्याऐवजी तिचा दोष शोधला जातो. 1988 मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली, तेव्हा पोटगी, घर, रेशनकार्ड हे प्रश्न पुढे आले आणि ते यायलाच हवे होते; पण त्या स्त्रियांना एकत्र, उघडपणे आपले नुकसान नुकसान म्हणून मांडता आले, हेही त्या चळवळीचे कमी मोलाचे काम नव्हते.

बॉस यांनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराचे मराठीतील सर्वांत समर्थ चित्रण सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटात आहे. संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणि शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झाला आहे; स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. रस्त्यात हत्ती दिसताच शास्त्री मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात आणि त्यांची मुलगी, म्हणजे इरावती हर्षे, शहरभर त्यांना शोधत फिरते. तिचे खरे दुःख मात्र ते हरवण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले आहे, कारण ज्याच्याकडून ती शिकली तो बाप घरात असूनही तिला सापडत नाही. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा शास्त्र्यांना पूर्वी कधी ओळखत नव्हती, म्हणून तिने काही गमावलेले नाही आणि त्यांचे वेडेपण ती सहज सांभाळू शकते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माची माया आणि मुलीचा कोंडमारा शेजारी ठेवून चित्रपटाने जे साधले, तेच सोळाव्या लेण्यात सावरणारी दासी आणि कोसळणारी सुंदरी यांच्या जवळिकीत साधले आहे. सावरणारीला बळ आहे कारण मुकुट तिचा नव्हे, पण त्यामुळे तिच्या हाताचे मोल कमी होत नाही.

अश्वघोषाच्या शेवटच्या सर्गात बुद्ध नंदाला सांगतो की त्याची पत्नीही आता त्याचे अनुकरण करील आणि इतर स्त्रियांना वैराग्य सांगेल. सुंदरीचा शोक असा तिच्या अनुपस्थितीत, दुसऱ्याच्या तोंडून मिटवला जातो, आणि काव्य तिला त्यावर बोलू देत नाही. चित्रकाराने, तोही बौद्ध विहाराच्या भिंतीवर, ज्या भिक्षूंनी आपापल्या घरी अशीच माणसे मागे ठेवली होती त्यांच्या रोजच्या नजरेसमोर, तो शोक न मिटवता ठेवला, हे या लेण्याचे असाधारण धैर्य आहे. म्हणून या चित्राला सुंदरीच्या नावाने ओळखले जावे, फलकावर आणि पुस्तकांत तेच नाव यावे, आणि वाटाड्यांनी पर्यटकांना बोटाने आधी तो मुकुट दाखवून नंद कुठे गेला हे सांगावे, आणि मगच तिच्या चेहऱ्याकडे वळावे.