शिक्षा कोणी भोगावी?

अमेरिकेने १९६२ साली क्यूबाशी होणारा व्यापार बंद केला. ही बंदी उठवावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून वारंवार करीत आली आहे. २०२३ साली १८७ राष्ट्रांनी त्याला पाठिंबा दिला. विरोधात अमेरिका व इस्राईल ही दोनच राष्ट्रे होती. क्यूबाचे शासन विरोधकांना तुरुंगात डांबते, असे अमेरिका म्हणते. व्यापारबंदी हेच मानवी हक्कांचे उल्लंघन आहे, असे क्यूबा म्हणतो. परंतु एकाचा अन्याय सिद्ध झाला म्हणून दुसऱ्याचे कृत्य न्याय्य ठरत नाही. शासनाच्या अपराधाची शिक्षा जनतेने का भोगावी, हा खरा प्रश्न आहे.

मक्केच्या कुरैशांनी बनू हाशिमवर सुमारे तीन वर्षे बहिष्कार टाकून त्यांची उपासमार केली होती. पुढे यमामाचे सरदार हजरत सुमामा बिन उसाल (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला आणि मक्केला जाणारे धान्य रोखले. कुरैश तेव्हाही शत्रूच होते. परतफेडीची संधी चालून आली होती. तरीही मक्कावासीयांनी विनवणी करताच आदरणीय प्रेषितांनी (स.) धान्य सोडण्यास कळविले.

वैरापोटी न्याय सोडू नये आणि एकाचे ओझे दुसऱ्यावर लादू नये, ही पवित्र कुरआनची शिकवण आहे. अत्याचारी शासनाला जाब अवश्य विचारावा. मात्र ज्यांच्या हक्कांसाठी तो विचारायचा, त्यांच्याच तोंडचा घास हिरावू नये. भावकीत एखाद्या घराशी व्यवहार तोडताना आपणही हे स्मरावे.