नियमितांचा कैवार

आमच्या कन्येने अकरावीला फ्रेंच घेतलं. मार्क भरघोस पडतात, हा त्यामागचा सांस्कृतिक हेतू. तेव्हापासून घरात सकाळी जप चालतो : 'बोलणे'ची रूपं, पार्ल, पार्लों, पार्ले. 'पार्ले' ऐकून आमचा हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो, ते सोडा.

या क्रियापदाची लिहिताना पाच रूपं, कानाला मात्र तीनच. बाकीची अक्षरं लिहायची, पण बोलायची नाहीत. आपल्या सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातले संत फ्रान्सिस डी सेल्स तिकडे 'द साल'च आहेत. आपण शेवटचा 'स' उच्चारून त्यांना साड्यांच्या सेलमध्ये नेऊन बसवलं.

फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं याच चालीची. टेलिफोन आला, त्याचंही क्रियापद मुकाट्याने याच रांगेत उभं राहिलं. नियम मोडतात कोण? तर असणे, जाणे, करणे! म्हणजे ज्यांच्यावाचून पान हलत नाही ते. मराठीतही तेच. बसला, उठला, पण जाणारा 'गेला' आणि करणाऱ्याने 'केलं'.

आता प्रश्न असा, की ज्याच्यावाचून अडतं त्याला नियम माफ असावा काय? बँकेत आम्ही वेळेवर सही करणारी नियमित मंडळी. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, तो अकराला आला तरी 'या साहेब'!

क्रियापदांची बाजू मात्र समजून घ्यावी. ती मुजोर नाहीत. रोज तोंडात असल्यामुळे त्यांची जुनी रूपं टिकली. ज्यांची गरज क्वचित पडते, त्यांची जुनी रूपं लोक विसरतात आणि ती निमूट रांगेत येतात. म्हणजे सूट क्रियापद घेत नाही, आपली जीभ देते. साहेबाला मात्र आपली मान देते, आणि ती हलवणं न हलवणं आपल्या हाती असतं.

शिवाय अनियमित क्रियापद एकेक घोकावं लागतं. नियमित क्रियापद जन्मात ऐकलेलं नसलं, तरी बिनधास्त चालवता येतं. ओळखदेख नसताना ज्याच्यावर भरवसा टाकता येतो, त्याला आम्ही तरी सज्जन म्हणतो.

लहान मूल 'मी करलं' म्हणतं. त्याच्या लेखी कायदा सगळ्यांना सारखा. आपण हसून सांगतो, "करलं नाही रे राजा, केलं म्हण." व्याकरण सुधारतं. पण मोठ्यांना नियम वेगळे असतात, हा पहिला धडाही त्याला तिथेच मिळत असेल काय?