बॉक्स उतरवण्याआधी

उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर



ताईने तुझा निरोप सांगितला आणि तू पाठवलेला व्हिडिओ मी आवाज मोठा करून पुन्हा पुन्हा ऐकला. पाच टनी एम-९३९, अमेरिकेच्या लष्कराने १९८०च्या दशकात घेतलेला ट्रक, त्याला ॲलिसनचा एमटी-६५४ गिअरबॉक्स. इंजिन ओरडत राहतं, प्रत्येक वरचा गिअर फार उशिरा पडतो, आणि तुझे वरिष्ठ म्हणतात बॉक्स उतरवा. बाळा, अजून एकही बोल्ट सोडू नकोस.

तू इथल्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलास, हात क्लच पेडलच्या गाड्यांवर बसला. आपल्या लष्कराचा शक्तिमान घे की स्टॅलियन, गिअर ड्रायव्हरच टाकतो आणि गिअर पडला नाही की दोष बहुधा क्लचमध्ये किंवा बॉक्समध्येच सापडतो. मी मात्र चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत टॉर्क कन्व्हर्टरच्या डंपरवर नोकरी केली. अशा जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब ठरवतो. गाडीचा वेग गव्हर्नर कळवतो, तो आउटपुट शाफ्टकडून फिरतो. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर किती दाबला हे केबलमार्फत मॉड्युलेटरला कळतं. या दोन खबरांचा मेळ बसला की व्हॉल्व्ह सरकतो. खबरच चुकीची पोचली तर धडधाकट बॉक्सही चुकीच्या वेळी गिअर टाकणार.

म्हणून सुरुवात तेलापासून कर. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर, सिलेक्टर न्यूट्रलमध्ये, आणि तेल चांगलं तापलेलं, साधारण ७० ते ९० अंश. थंड तेलाची पातळी फक्त इंजिन सुरू करायला हरकत नाही एवढंच सांगते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते गिअर तेल घुसळून फेस करतात. दोन्हींत क्लच घसरतात आणि तेल तापतं, त्यामुळे नुसत्या लक्षणावरून कमी की जास्त ते कळत नाही. रंगावर फार जाऊ नकोस, जुन्या लष्करी ट्रकांत लाल तेलाऐवजी इंजिनचंच पातळ तेल घातलेलं असू शकतं. वास घे. करपट वास आला तर क्लच जळालेत. दुधाळ दिसलं तर कूलरमधून पाणी शिरलंय, आणि मग बॉक्स उतरवावाच लागेल.

तेल ठीक निघालं तर केबल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तुझ्या ट्रकमध्ये एकच गिअर नाही, सगळेच उशिरा पडतात. केबल ताणलेल्या जागी अडकली की बॉक्सला वाटतं ड्रायव्हरने पेडल तळाला दाबलंय, आणि तो गिअर लांबवत राहतो. तू काम करतोस तिकडच्या बारीक रेतीत केबलच्या नळीत किटण बसायला वेळ लागत नाही. केबल सोडून हाताने ओढून बघ, सुटल्यावर परत येते का ते पाहा, मग मॅन्युअलप्रमाणे बसव.

यानंतरही दोष राहिला तर इंजिनकडे वळ. न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून आरपीएम घे. इंजिन ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतच नसेल तर फुल थ्रॉटलवर गिअर पडणारच नाही. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पेडलचं लिंकेज बघ. चांगला बॉक्स उतरवून परत तसाच चढवायची पाळी बहुधा इथेच चुकलेल्या लोकांवर येते. गाडी सुरुवातीच्या गिअरमधून पुढे सरकलीच नसती तर मी आधी गव्हर्नरच काढायला सांगितलं असतं. तो बॉक्स न उतरवता निघतो.

एखादाच गिअर घसरत असेल तर मात्र गोष्ट आतली. मॅन्युअलमध्ये कोणत्या गिअरला कोणते क्लच लागतात त्याचा तक्ता असतो. बिघडलेल्या गिअरांत समान क्लच कोणता ते शोध, रिव्हर्सही तपासून बघ.

आत घसरतंय की नाही हे पक्कं करायला स्टॉल टेस्ट असते, पण तिच्याबद्दल मला तुझी काळजी वाटते, म्हणून नीट वाच. चाकांना ठोकळे, दोन्ही ब्रेक, समोर आणि मागे एकही माणूस नको, हे मी हात जोडून सांगतो. गिअरमध्ये टाकून पूर्ण रेस द्यायची, आरपीएम वाचायचा, काही सेकंदांत सोडायचं. मग न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं रेसवर ठेवून तेल थंड होऊ द्यायचं. आकडा मॅन्युअलपेक्षा खूप वर गेला तर आत काहीतरी घसरतंय. खाली राहिला तर इंजिन अशक्त, किंवा कन्व्हर्टरच्या स्टेटरचा क्लच सुटलाय. आणि न्यूट्रलमध्येही तेल थंड होत नसेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतली रेती धुऊन घे.

ओशकोशचे नवे हेम्ट ए-४ ट्रक आले तर तिथे केबल नाही, कॉम्प्युटर आहे. सिलेक्टरवरचे दोन्ही बाण एकदम दाबले की तेलाची पातळी दिसते, पुन्हा दाबले की बिघाडाचे कोड. कोड कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते नाही. आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग बघायचं.

वरिष्ठांशी वाद घालू नकोस. जॉबकार्डवर आकडे लिही आणि ते त्यांच्यापुढे ठेव. मला गरम तेलाची पातळी, न्यूट्रलमधला सर्वात जास्त आरपीएम, आणि केबल सोडून ठेवल्यावर गिअर लवकर पडतात की नाही, एवढं कळव. गेज मिळालं तर बॉक्समधल्या तेलाचा मेन प्रेशरही घे, तेल गरम असताना.

तुझा,
मामा